हवालदार वडिलांच्या निधनानंतर आईचे कुटुंब निवृत्तिवेतन आणि दिव्यांग भावाचा हक्क : काय करावे, कोणत्या क्रमाने करावे?

प्रश्न : कोरेगावची लेक

नमस्कार. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीमध्ये होते. १९६५ साली भरती झाले आणि २४ वर्षांच्या नोकरीनंतर १९८९ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. गेल्या पावसाळ्यात वृद्धापकाळाने त्यांचे निधन झाले. घरी आई आहे आणि धाकटा भाऊ आहे. भावाला जन्मापासून बौद्धिक अपंगत्व आहे, त्याचे वय चाळिशीच्या पुढे आहे आणि अंघोळीपासून जेवणापर्यंत सर्व आईलाच पाहावे लागते. थोरली बहीण घटस्फोटानंतर आईजवळच राहते. मी नोकरीनिमित्त पुण्यात असते.

वडिलांची पेन्शन काही वर्षांपूर्वी बँकेकडून ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीत गेली होती. त्यांच्या निधनानंतर ती बंद झाली, ते योग्यच आहे. परंतु आईची पेन्शन अजून सुरू झालेली नाही. बँकेच्या एका शाखेत आम्हाला सांगितले की आईचे नाव जुळत नाही. वडिलांच्या ट्रंकेतून डिस्चार्ज बुक (निवृत्त होताना सैन्याकडून मिळालेले सेवेच्या नोंदींचे पुस्तक) काढून पाहिले, तर त्यात निळ्या शाईने आईचे नाव नुसते ‘सुमन’ असे लिहिलेले आहे आणि जन्मतारखेच्या रकान्यात काहीही नाही. आधार कार्डावर ‘सुमनबाई’ आणि १ जानेवारी ही तारीख आहे. गावातल्या प्राथमिक शाळेच्या निर्गम उताऱ्यावर मात्र त्याहून दोन वर्षे आधीची जन्मतारीख आहे. भावाचे नाव पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, कुठेच दिसत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. आईची पेन्शन सुरू करण्यासाठी प्रथम कुठे जावे? तिला किती रक्कम मिळेल, वडिलांइतकीच की कमी? ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, कार्ड वडिलांच्या नावावर होते, त्याचे काय करायचे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आईच्या पश्चात भावाला पेन्शन मिळेल का? आईला रात्री याच एका काळजीने झोप येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिले.

प्रतिसाद १ : निवृत्त सुभेदार, कराड

ताई, आपल्या वडिलांना विनम्र आदरांजली. मी निवृत्तीनंतर आमच्या भागातील माजी सैनिकांच्या कुटुंबांची कागदपत्रे करून देण्यास मदत करतो. आपल्यासारखी प्रकरणे मी पुष्कळ पाहिली आहेत आणि त्यातील बहुतेकांची गाठ एकाच ठिकाणी असते. हक्क असतो, योजनाही असते, परंतु रेकॉर्डमध्ये पत्नीचे आणि मुलांचे नाव पूर्ण व बरोबर नसते. त्यामुळे योजनांच्या मागे लागण्याआधी रेकॉर्ड दुरुस्त करून घ्या. पुढच्या सर्व गोष्टी त्यावर अवलंबून आहेत.

प्रथम सातारच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. सोबत मूळ डिस्चार्ज बुक, पीपीओ, मृत्यूचा दाखला, आईचे आधार व पॅन, बँकेचे पासबुक, वडिलांसोबतचा आईचा संयुक्त फोटो आणि शाळेचा निर्गम उतारा न्या. प्रत्येकाच्या छायाप्रती आधीच काढून ठेवा आणि मूळ डिस्चार्ज बुक कोणाच्याही ताब्यात देऊ नका. या भेटीत आईचे माजी सैनिक विधवा ओळखपत्रही करून घ्या, कारण पुढे घरपट्टीपासून कँटीनपर्यंत ते प्रत्येक ठिकाणी लागते.

वडिलांच्या निधनाची नोंद ‘स्पर्श’वर झाली आहे का, हे त्याच दिवशी तपासून घ्या. पीपीओवर पत्नीचे नाव व्यवस्थित असेल, तर निधनाची नोंद आणि पत्नीची ओळख पटताच कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होते आणि नवा आदेश लागत नाही. आपल्या प्रकरणात अडचण नावाची आणि जन्मतारखेची आहे. तिची दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसकडून, म्हणजे बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेकॉर्ड्सकडून होईल. बँकेच्या शाखेला तो अधिकारच नाही, त्यामुळे तिथे वाद घालून उपयोग होणार नाही.

‘सुमन’ आणि ‘सुमनबाई’ ही तफावत लहान आहे. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असे प्रतिज्ञापत्र करावे, त्यात वडिलांचा सैन्य क्रमांक, हुद्दा आणि लग्नाचा तपशील यावा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या शिफारशीसह ते बेळगावला पाठवावे. माहेरचे नाव एक आणि सासरचे नाव दुसरेच, अशी मोठी तफावत असती तर नावबदल राजपत्रात छापून घेण्याची पायरी लागली असती. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची पद्धत असल्यामुळे सातारा-सांगली भागातील कितीतरी विधवा भगिनी याच कारणाने अडकून पडतात. रजेवर येऊन लग्न करणारा जवान पलटणीत परत गेल्यावर ‘पार्ट टू ऑर्डर’साठी (लग्न, अपत्यजन्म अशा कौटुंबिक बदलांची सेवा-रेकॉर्डमधील अधिकृत नोंद) माहिती देतो ती घाईत, तोंडी, आणि घरात रुळलेल्या हाकेच्या नावाने. पुढे पन्नास वर्षे तो कागद कोणी उघडत नाही.

जन्मतारखेबाबत मात्र घाई करू नका. आधारवरची १ जानेवारी ही तारीख बहुधा अंदाजाने लिहिलेली असावी. सर्व ठिकाणी एकच तारीख येईल अशी व्यवस्था आधी करा आणि मगच ती पीपीओवर घ्यायला लावा, कारण एकदा नोंदलेली तारीख पुन्हा बदलणे फार अवघड जाते. या दोन वर्षांच्या फरकाचा पैशांशी थेट संबंध आहे. तो हिशेब जाणणारे कोणी सांगतीलच.

एक सूचना आणखी. वडिलांच्या खात्यात निधनानंतरच्या दिवसांची पेन्शन जमा झाली असेल, तर ती काढू नका. पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतची देय असते आणि आईचे कुटुंब निवृत्तिवेतन दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. जादा जमा झालेली रक्कम नंतर वसूल होतेच, आणि तीही आईच्या थकबाकीतून.

प्रतिसाद २ : हिशेबनीस

संरक्षण लेखा विभागाच्या नियमांशी माझा नोकरीभर संबंध आला, म्हणून रकमेच्या प्रश्नाचे उत्तर देतो.

आपल्या आईंना साधे कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल. त्याचा दर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असतो, तर सैनिकाचे स्वतःचे पूर्ण निवृत्तिवेतन ५० टक्के असते. म्हणजे ढोबळमानाने वडिलांच्या मूळ पेन्शनच्या ६० टक्के रक्कम आणि तिच्यावरचा महागाई भत्ता. सातव्या वेतन आयोगानंतर ही रक्कम दरमहा ९,००० रुपयांपेक्षा कमी असू शकत नाही. महागाई भत्ता त्याशिवाय मिळतो. निवृत्तीनंतर मृत्यू झाल्यास ५० टक्क्यांचा वाढीव दर सात वर्षे किंवा सैनिकाचे वय ६७ होईपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोपर्यंतच मिळतो. आपले वडील त्या वयाच्या पुढे गेलेले असल्यामुळे तो येथे लागू होणार नाही. घरात येणारी रक्कम एकदम घटलेली पाहून कार्यालयाने काही कापून घेतले, असा अनेकांचा समज होतो. तसे नसते, हे आईंना आधीच समजावून सांगा. वडिलांनी निवृत्तीच्या वेळी पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतले असले, तरी त्याची कपात कुटुंब निवृत्तिवेतनातून होत नाही.

कानावर येणारे ६० टक्के किंवा १०० टक्के हे दर वेगळे आहेत. सेवेशी संबंधित कारणाने मृत्यू झाल्यास शेवटच्या वेतनाच्या ६० टक्के दराने विशेष कुटुंब निवृत्तिवेतन आणि युद्धात किंवा तत्सम लष्करी कारवाईत वीरगती प्राप्त झाल्यास पूर्ण वेतनाइतके उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. गावात एखाद्या वीरपत्नीला जास्त रक्कम मिळते म्हणून आपल्यालाही तितकी मिळावी, अशी अपेक्षा धरून अर्ज केल्यास फक्त कालापव्यय होतो.

आता जन्मतारखेकडे वळतो. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या व्यक्तीचे वय ८० पूर्ण झाले की मूळ रकमेवर २० टक्के वाढ मिळते; ८५ ला ३० टक्के, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभराव्या वर्षी रक्कम दुप्पट होते. ही वाढ पत्नीच्या स्वतःच्या वयावर मिळते. पतीचे वय तिथे पाहिले जात नाही. रेकॉर्डमध्ये तिची जन्मतारीख नसेल, तर प्रणालीला ती ८० वर्षांची केव्हा झाली हे कळतच नाही आणि वाढ सुरू होत नाही. निर्गम उतारा खरा असेल आणि आधारची तारीख दोन वर्षे उशिराची असेल, तर आईंची २० टक्क्यांची वाढ दोन वर्षे उशिरा सुरू होईल, आणि हे नुकसान पुढच्या प्रत्येक टप्प्यावर होत राहील. म्हणून सुभेदार साहेबांनी सांगितलेला क्रम अगदी योग्य आहे.

समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन ही योजना ७ नोव्हेंबर २०१५ च्या आदेशाने १ जुलै २०१४ पासून लागू झाली, दर पाच वर्षांनी तिची फेररचना होते आणि ती कुटुंब निवृत्तिवेतनालाही लागू आहे. त्यामुळे आईंची रक्कम निश्चित झाल्यावर हवालदार हुद्दा, वडिलांचा वेतनगट आणि २४ वर्षांची सेवा या तीन गोष्टी धरून या योजनेच्या तक्त्यातील आकड्याशी ती एकदा पडताळून पाहा. वेतनगट चुकीचा नोंदला गेला असेल, तर फरक तिथेच सापडतो. वडिलांच्या हयातीतील फरकाची काही रक्कम राहिली असेल, तर तीही वारसांना मिळते. तिचा अर्ज स्वतंत्रपणे करावा लागतो.

प्रतिसाद ३ : खटावची आई

ताई, आपल्या भावाबद्दल वाचले आणि लिहिल्याशिवाय राहवले नाही. माझे यजमान लष्करात नायक होते आणि आमचा मुलगाही बौद्धिक दिव्यांग आहे. त्याची नोंद आम्ही दोघे हयात असतानाच करून घेतली, म्हणून आज मला त्याची भीती वाटत नाही. आपल्या आईलाही ही निश्चिंती मिळू शकते. ती त्यांच्या हयातीतच मिळवून द्या, नंतरवर ढकलू नका.

स्वतः कमावून पोट भरू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आई-वडिलांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळते. पंचवीस वर्षांची वयोमर्यादा त्याला लागू नाही. उत्पन्नाची अट आहे, परंतु आपल्या भावासारख्या व्यक्तीला ती सहसा आड येत नाही. त्यासाठी पहिला पुरावा म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र. जिल्हा शासकीय रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र घ्या, सोबत युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे केंद्रीय ओळखपत्र) काढा आणि तो स्वतःचा उदरनिर्वाह करू शकत नाही असा स्पष्ट उल्लेख त्यात येईल हे पाहा. आमच्या पहिल्या प्रमाणपत्रावर फक्त टक्केवारी होती, ते वाक्य नव्हते, आणि कागद परत आला होता. दिव्यांगत्व कायमस्वरूपी आहे असेही लिहून घ्या; तात्पुरते असे लिहिले गेले, तर दर पाच वर्षांनी नवे प्रमाणपत्र द्यावे लागते आणि अशा मुलाला पुन्हा पुन्हा रुग्णालयाच्या रांगेत उभे करणे किती कष्टाचे असते, हे आपल्याला सांगायला नको.

त्यानंतर सेवा-रेकॉर्डमध्ये त्याचे नाव मुलगा म्हणून आहे का, ते बेळगावहून कळवून घ्या. त्याचा जन्म वडिलांच्या नोकरीच्या काळातला असल्यामुळे ‘पार्ट टू ऑर्डर’ निघालेली असण्याची शक्यता बरीच आहे. डिस्चार्ज बुकमधील कुटुंबाच्या पानावर त्याचे नाव असेल, तर अर्धे काम झाले असे समजा. मग आईच्या सहीने अर्ज करा, की माझ्या पश्चात या मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळावे आणि तशी नोंद पीपीओवर घ्यावी. अशी नोंद असेल तर उद्या त्याची पेन्शन सुरू करताना सर्व पुरावे नव्याने गोळा करण्याची वेळ येत नाही.

शेवटचा प्रश्न पालकत्वाचा. तो स्वतः सही-व्यवहार करू शकत नाही, तेव्हा पैसे कोणाच्या हाती यायचे हे आधी ठरवावे लागते. आईने पालक म्हणून कोणाचे तरी नाव लेखी द्यावे. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ अन्वये प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. बौद्धिक दिव्यांगत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी ती कायदेशीर पालक नेमते. त्यासाठी न्यायालयात जावे लागत नाही. बहीण त्याच्याजवळच राहते, तर तिचे नाव सर्वांत योग्य ठरेल. घरातल्या सर्व भावंडांची लेखी संमती त्याच वेळी घेऊन ठेवा, म्हणजे पुढे कटुता येत नाही.

कोरेगावची लेक

आपणा सर्वांचे मनापासून आभार. डिस्चार्ज बुक पुन्हा काढून पाहिले. कुटुंबाच्या पानावर भावाचे नाव आणि जन्मतारीख दोन्ही आहेत. आईला खटावच्या ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिने तो पुन्हा एकदा वाचायला लावला.

दोन शंका राहिल्या आहेत. थोरल्या बहिणीचाही या पेन्शनवर काही हक्क असतो का? आणि आमच्या शेजारच्या आजींचे यजमान सैन्यात फक्त सात-आठ वर्षे होते, त्यांना पेन्शनच नव्हती. आजी आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत आणि त्यांना कोणाचाही आधार नाही. त्यांच्यासाठी काही आहे का?

हिशेबनीस

बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, परंतु क्रम लक्षात घ्या. अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलगी पंचविशीनंतरही पात्र असते. तिचे स्वतःचे उत्पन्न किमान कुटुंब निवृत्तिवेतन अधिक महागाई भत्ता या मर्यादेच्या आत हवे. मात्र तिची पाळी पंचवीस वर्षांखालील अपत्ये आणि दिव्यांग अपत्य यांच्यानंतर येते. म्हणजे आईंनंतर हक्क भावाचा आणि त्यानंतर बहिणीचा. घटस्फोट आई किंवा वडील हयात असताना झालेला असावा, अथवा निदान त्याचा दावा त्यांच्या हयातीत दाखल झालेला असावा लागतो. म्हणून न्यायालयाच्या हुकूमनाम्याची साक्षांकित प्रत आजच काढून याच फाइलमध्ये ठेवावी.

निवृत्त सुभेदार, कराड

शेजारच्या आजींसाठी नक्कीच मार्ग आहे आणि त्यांच्याविषयी आपण विचारले, याचा मला फार आनंद झाला. जवानाला पेन्शनसाठी किमान १५ वर्षांची सेवा लागते. त्यापूर्वी बाहेर पडलेल्यांची कुटुंबे सर्वांत जास्त उपेक्षित राहतात, कारण पेन्शन नाही म्हणजे आपण माजी सैनिकच नाही असे ती स्वतःच समजून बसतात. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या, ६५ वर्षांवरील, पेन्शन नसलेल्या निराधार माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून आजीवन मासिक अनुदान मिळते. ते ४,००० रुपये होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षण मंत्र्यांनी ते दुप्पट करण्यास मंजुरी दिली आणि १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० रुपयांचा दर लागू झाला. अर्ज ऑनलाइन असतो, परंतु छाननी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून होते, त्यामुळे आजींना आपल्यासोबतच घेऊन जा. यजमानांचे डिस्चार्ज बुक किंवा निदान त्यांचा सैन्य क्रमांक शोधा. भिंतीवरच्या फोटोच्या मागे, पदकाच्या कडेवर किंवा जुन्या मनीऑर्डरच्या पावतीवरही तो सापडतो. क्रमांक आणि पलटण कळली, की रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करता येतो.

आपल्या आईंच्या ईसीएचएसचा विषय राहिला होता. १ एप्रिल २००३ पासून ही योजना चालू आहे. सदस्याच्या निधनानंतर पत्नी स्वतः मुख्य सदस्य होते. वडिलांचे कार्ड जमा करून आईंच्या नावाचा ऑनलाइन अर्ज करावा. कायमस्वरूपी दिव्यांग मुलाला अवलंबितांसाठीची वयाची अट नसल्यामुळे भावाचे कार्डही त्याच अर्जात येईल. खटावच्या ताईंनी सांगितलेले प्रमाणपत्र तिथेही चालते. उपचारांसाठी आधी पॉलिक्लिनिकमध्ये, म्हणजे ईसीएचएसच्या दवाखान्यात, जाऊन तिथून पत्र घ्यावे लागते. जीवावरचा प्रसंग आला, तर जवळच्या कोणत्याही रुग्णालयात दाखल करा, मात्र ते रुग्णालय ईसीएचएसच्या यादीतले नसेल तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. खर्चाची परतफेड त्यावर अवलंबून असते.

घरपट्टीचेही पाहून घ्या. २०२० सालच्या बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेनुसार राज्यातील माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना एका घराच्या करातून सूट आहे आणि ती ग्रामपंचायत हद्दीतही मिळते. घर अजून वडिलांच्या नावावर असेल, तर आधी वारसनोंद करून ते आईंच्या नावावर घ्या. मग जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांच्या दाखल्यासह ग्रामपंचायतीत अर्ज द्या. सूट आपोआप लागू होत नाही.

आईंची पेन्शन सुरू झाल्यावर हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागेल. मोबाइलवर चेहरा दाखवून तो घरबसल्या देता येतो. अर्ज भरताना पेन्शन देणारे कार्यालय म्हणून बँकेऐवजी ‘स्पर्श’ निवडावे, नाहीतर दाखला भलतीकडे जातो आणि पेन्शन थांबते. आपण पुण्यात असता, म्हणून ‘स्पर्श’वर नोंदवलेला मोबाइल क्रमांक आईजवळ राहणाऱ्या बहिणीचा असू द्या आणि त्यावर येणारा ओटीपी कोणी कितीही ओळखीचा बोलला तरी सांगू नका, हे त्यांना बजावून ठेवा.

बेळगावला पाठवायचा अर्ज तयार झाला की स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. उत्तर येण्यास विलंब झाला, तर त्या पोचेच्या आधारे ‘स्पर्श’वर तक्रार नोंदवता येते, आणि रक्षा पेन्शन समाधान आयोजनाचा कार्यक्रम (संरक्षण पेन्शनच्या तक्रारी सोडवण्याचा मेळावा) जवळपास भरला, तर प्रकरण तिथेही मांडता येते. अर्जाचा मसुदा येथे टाकल्यास मी वाचून देईन. फक्त सैन्य क्रमांक, आधार क्रमांक आणि खाते क्रमांक झाकून टाका.